बॅच फाइलमधून सर्व्हरला ऑप्शन देताना ते वाटेत का मोडतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: विंडोजवर जावाचा एक सर्व्हर बॅच फाइलने, म्हणजे ओळीओळीने आज्ञा लिहिलेल्या मजकूर-फाइलने, सुरू होतो. त्या फाइलच्या नावापुढे पोर्ट, मेमरी आणि डेटा-फोल्डरचा पत्ता असे ऑप्शन लिहिले, तर त्यांतले काही सर्व्हरपर्यंत पोहोचतात, काही अर्धवट पोहोचतात आणि काही वेळा सर्व्हर सुरूच होत नाही. तेच ऑप्शन बॅच फाइल वगळून थेट जावाला दिले की मात्र सगळे सुरळीत चालते. असे का होते आणि ती फाइल कशी लिहावी? उत्तरात आज्ञा आणि चिन्हे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत लिहावी लागतील.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. युनिक्सवर शेल (टंकलेल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम) आपल्या ओळीचे तुकडे पाडते आणि प्रोग्रामला तयार आर्ग्युमेंटची, म्हणजे सुट्या तुकड्यांची, यादी सोपवते. विंडोजवर नवीन प्रक्रिया सुरू करताना पुढे जाते ती एकच अखंड ओळ, आणि तिचे तुकडे कसे पाडायचे हे ती ओळ वाचणारा प्रोग्राम स्वतः ठरवतो. त्यामुळे तुम्ही टंकलेली ओळ आधी कमांड प्रॉम्प्ट वाचतो, मग बॅच फाइलमध्ये तीच ओळ पुन्हा वाचली जाते आणि शेवटी जावाचा लाँचर (जावा सुरू करणारा प्रोग्राम) ती तिसऱ्यांदा वाचतो. या तिघांचे नियम एकसारखे नाहीत. तुमच्या तक्रारीतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट या तीन वाचनांमधील फरकातून आलेली आहे.

सर्वांत जास्त लोकांना अडवणारा फरक बरोबरच्या चिन्हाचा आहे. बॅच फाइलमध्ये %१, %२ असे सुटे आर्ग्युमेंट काढताना स्पेस आणि टॅब यांच्याबरोबर स्वल्पविराम, अर्धविराम आणि बरोबरचे चिन्ह हेही विभाजक मानले जातात. म्हणून -डीपोर्ट=९०९० असे लिहिले की %१ मध्ये फक्त -डीपोर्ट येते आणि ९०९० हा %२ होऊन बसतो; मधले बरोबरचे चिन्ह नाहीसे झालेले असते. फाइल लिहिणाऱ्याने हे तुकडे एकेक करून पुन्हा जोडले असतील, तर जावाला -डीपोर्ट, मग स्पेस, मग ९०९० असे दिसते. जावा पहिल्या तुकड्याला किंमत नसलेली प्रॉपर्टी (नाव आणि किंमत अशी नोंद) समजतो आणि दुसऱ्याला मुख्य क्लासचे, म्हणजे जिथून प्रोग्राम सुरू होतो त्या भागाचे, नाव समजतो, आणि मग ‘९०९० हा मुख्य क्लास सापडला नाही’ अशा अर्थाची चूक पडद्यावर येते. क्लासच्या जागी एखादा आकडा किंवा फोल्डरचा पत्ता दिसला, तर जावाच्या मांडणीत दोष शोधत बसू नये. बरोबरचे चिन्ह वाटेत गळाले आहे असे समजावे. मेमरीसाठीच्या -एक्सएमएक्स२जी या ऑप्शनमध्ये बरोबरचे चिन्ह नसते, म्हणून तो सुखरूप पोहोचतो. ‘काही पोहोचतात, काही नाही’ याचा उलगडा इथेच होतो.

यावर दोन उपाय आहेत आणि ते एकमेकांना पूरक आहेत. वापरणाऱ्याने पूर्ण ऑप्शन दुहेरी अवतरणात लिहावा, म्हणजे सुरुवातीच्या वजाचिन्हापासून किमतीच्या शेवटच्या अक्षरापर्यंत सगळे "-डीपोर्ट=९०९०" असे एका अवतरणात असावे. असा तुकडा अखंड राहतो आणि जावाचा लाँचर शेवटी ती अवतरणचिन्हे स्वतः काढून टाकतो. दुसरा उपाय फाइल लिहिणाऱ्याच्या हातात आहे आणि तोच मला अधिक महत्त्वाचा वाटतो: आर्ग्युमेंट सुटे काढून पुन्हा जोडण्याऐवजी %* वापरावे. %* म्हणजे फाइलच्या नावानंतर आलेला सगळा मजकूर, बरोबरच्या चिन्हांसह आणि अवतरणांसह, जसाच्या तसा. टॉमकॅट या जावा सर्व्हरच्या स्टार्टअप फाइलमध्ये आर्ग्युमेंट एकेक करून गोळा करणारे शिफ्टचे (%२ ला %१ च्या जागी सरकवणाऱ्या आज्ञेचे) आवर्तन आहे. त्याची नक्कल पुष्कळ जणांनी आपापल्या फाइलींमध्ये केली आहे, आणि त्या सगळ्या फाइली अवतरणाबाहेरचे बरोबरचे चिन्ह गमावतात. त्या आवर्तनांत आणखी एक दोष असतो. पुढचे आर्ग्युमेंट रिकामे आहे का, एवढे पाहून ती थांबतात. त्यामुळे तपासणीत अवतरणे काढलेली असतील, तर कोणी मुद्दाम रिकामे अवतरण दिल्यावर त्यापुढचे सगळे ऑप्शन न वाचताच सोडून दिले जातात.

मग प्रश्न येतो की फाइलचे स्वतःचे काही ऑप्शन असतील, उदाहरणार्थ डीबग मोड चालू करणारा एखादा शब्द, तर तो वेगळा कसा काढायचा. शिफ्ट आज्ञेने %१, %२ पुढे सरकतात, पण %* वर तिचा काहीही परिणाम होत नाही. पहिला शब्द शिफ्टने बाजूला केला तरी %* मध्ये तो असतोच आणि सर्व्हरला जाऊन पोहोचतो. फॉर आज्ञेच्या साहाय्याने पहिला शब्द आणि उरलेली ओळ वेगळी करता येते, परंतु उरलेल्या ओळीत अवतरणे आणि & एकत्र आले की ते तंत्र कोलमडते. माझे स्पष्ट मत असे आहे की फाइलच्या स्वतःच्या निवडी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (विंडोजमध्ये नाव देऊन साठवलेल्या किमतींमधून) घ्याव्यात आणि कमांड लाइन पूर्णपणे सर्व्हरसाठी मोकळी ठेवावी. सर्व्हर_डीबग नावाचे व्हेरिएबल १ असेल तर डीबगचे ऑप्शन जोडायचे, एवढी एक तपासणी वाचायला सोपी असते आणि तिच्यामुळे %* ला हात लावावा लागत नाही.

ऑप्शन अखंड पोहोचला तरी तो कोणाच्या हाती पडतो हे त्याच्या जागेवर ठरते. जावाच्या ओळीत -जार आणि जार फाइलचे (सर्व्हरचा प्रोग्राम असलेल्या फाइलचे) नाव येण्यापूर्वी जे लिहिले असेल ते आभासी यंत्रासाठी, म्हणजे जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या जेव्हीएमसाठी, असते, आणि जार फाइलच्या नावानंतरचे सगळे सर्व्हरच्या स्वतःच्या प्रोग्रामला मिळते. %* ओळीच्या शेवटी ठेवले असेल, तर वापरणाऱ्याने दिलेला -एक्सएमएक्स२जी हा आभासी यंत्राला कधीच दिसत नाही. सर्व्हरला तो अनोळखी शब्द म्हणून मिळतो आणि पुष्कळ सर्व्हर अशा शब्दाकडे काहीही न बोलता दुर्लक्ष करतात. म्हणून आभासी यंत्राचे ऑप्शन जावा_ऑप्ट्स यासारख्या व्हेरिएबलमध्ये घ्यावेत आणि ते -जारच्या आधी मांडावेत, तर सर्व्हरचे ऑप्शन %* मधून शेवटी द्यावेत. मेमरीचा ऑप्शन दोनदा आला तर हॉटस्पॉट (जावाचे नेहमीचे आभासी यंत्र) शेवटचा मानतो. त्यामुळे फाइलमधील ठरलेली किंमत आधी आणि वापरणाऱ्याचे व्हेरिएबल नंतर लिहिले, तर फाइलला हात न लावता किंमत बदलता येते.

आता अवतरणचिन्हांकडे वळू. अवतरणाबाहेरील &, |, <, > ही चिन्हे कमांड प्रॉम्प्टसाठी विशेष अर्थाची आहेत. डेटाबेसच्या जोडणीचा पत्ता देताना त्यात & असला आणि अवतरण नसले, तर ओळ तिथेच तुटते आणि उरलेला भाग वेगळी आज्ञा म्हणून चालवला जातो. अशा चिन्हापुढे ^ लावावे असा सल्ला सर्रास दिला जातो. थेट प्रॉम्प्टवर तो बरोबरही आहे, पण बॅच फाइलमधून जाताना तो पुरत नाही, कारण पहिल्या वाचनातच ^ खर्ची पडतो. फाइलमध्ये %* उलगडताना उघडा & शिल्लक राहतो आणि ओळ दुसऱ्या वाचनात तुटते. अवतरणाचे तसे नाही. ते दोन्ही वाचनांत टिकून राहते. त्यामुळे बॅच फाइलच्या पलीकडे काही पोहोचवायचे असेल तर अवतरणावर भर द्यावा आणि ^ वर विसंबू नये. टक्क्याच्या चिन्हाला मात्र अवतरणही वाचवत नाही: बॅच फाइलच्या आत लिहिलेल्या मजकुरात प्रत्यक्ष % हवे असेल तर ते दोनदा लिहावे लागते.

अवतरण आणि बॅकस्लॅश एकत्र आले की आणखी एक सापळा तयार होतो. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता देणारे %~डीपी० हे अतिशय उपयोगी आहे, आणि नियोजित कामातून किंवा दुसऱ्या फोल्डरमधून फाइल चालवली तरी सर्व्हरला आपले घर सापडावे यासाठी ते वापरायलाच हवे. परंतु त्याच्या शेवटी नेहमी बॅकस्लॅश असतो. ते अवतरणात टाकले की बॅकस्लॅश आणि बंद होणारे अवतरणचिन्ह शेजारी येतात. कमांड प्रॉम्प्टला त्यात काहीच वावगे वाटत नाही, पण जावासह बहुतेक प्रोग्राम त्या जोडीचा अर्थ ‘मजकुरातले एक अवतरणचिन्ह’ असा घेतात. परिणामी अवतरण बंदच होत नाही आणि पुढचे सगळे ऑप्शन फोल्डरच्या नावात मिसळून जातात. यावर साधा इलाज म्हणजे बॅकस्लॅशनंतर एक टिंब लिहून मग अवतरण बंद करणे. टिंब म्हणजे तेच फोल्डर, त्यामुळे पत्त्याचा अर्थ बदलत नाही. वापरणाऱ्यांनाही फोल्डरचा पत्ता बॅकस्लॅशने संपवू नका असे लिहून ठेवावे.

व्हेरिएबल भरण्याची पद्धत लहानशी वाटते, पण तिच्यावर बरेच अवलंबून असते. सेट आज्ञेत नाव आणि किंमत दोन्ही मिळून एका अवतरणात लिहावे, म्हणजे सेट "जावा_ऑप्ट्स=..." अशी ओळ असावी. असे केल्याने ओळीच्या शेवटी चुकून राहिलेली स्पेस किमतीत शिरत नाही, किमतीतला & ओळ तोडत नाही आणि अवतरणचिन्हे व्हेरिएबलचा भाग होत नाहीत. फाइलच्या सुरुवातीला सेटलोकल लिहावे, म्हणजे व्हेरिएबलमधले बदल फाइलपुरतेच राहतात. ते नसेल आणि फाइल जावा_ऑप्ट्सच्या जुन्या किमतीला नवे ऑप्शन जोडत असेल, तर त्याच खिडकीतून सर्व्हर पुन्हा पुन्हा चालवताना तेच ऑप्शन दुप्पट, तिप्पट होत जातात आणि खिडकी बंद करून उघडली की गोष्ट आपोआप ठीक होते. अशा येणाऱ्या-जाणाऱ्या चुकीचे कारण शोधण्यात लोकांचा फार वेळ जातो.

कंसातील भागाचे वर्तन वेगळेच आहे. इफच्या पुढे कंसात लिहिलेला सगळा भाग एकदम वाचला जातो आणि त्यातली %...% ही सगळी व्हेरिएबल त्याच क्षणी उलगडली जातात. त्यामुळे कंसाच्या आत एखादे व्हेरिएबल भरून पुढच्याच ओळीत ते वापरले, तर जुनी किंमत मिळते. शिवाय ३२-बिट प्रोग्रामांच्या फोल्डरच्या नावातच कंस आहेत. जावाचा पत्ता त्या फोल्डरमधला असेल आणि तो कंसातील भागात अवतरणाविना उलगडला, तर पत्त्यातल्या बंद कंसापाशीच तो भाग संपतो आणि ‘या वेळी हे अपेक्षित नव्हते’ अशा अर्थाची चूक येते. उद्गारचिन्हांनी उशिरा उलगडणाऱ्या व्हेरिएबलचा उपाय नेहमी सांगितला जातो. पण ती सोय चालू असताना %* मध्ये किंवा %१ मध्ये उद्गारचिन्ह आले तर ते गायब होते, आणि पासवर्डमध्ये उद्गारचिन्ह असणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. मी सर्व्हरच्या फाइलींमध्ये ती सोय टाळतो आणि कंसाऐवजी गोटू (नाव दिलेल्या ओळीवर उडी मारणारी आज्ञा) व लेबल (त्या ओळीचे नाव) वापरतो. ते जुन्या वळणाचे दिसते, पण प्रत्येक ओळ आपापल्या वेळी वाचली जाते.

तुमचा सर्व्हर टॉमकॅट असेल तर यातले बरेचसे करावेच लागत नाही. त्याच्या बिन फोल्डरमध्ये सेटएन्व्ह नावाची बॅच फाइल तयार केली की कॅटालिना ही टॉमकॅटची मुख्य बॅच फाइल ती स्वतःहून वाचते. मूळ फाइलींना हात लावण्याची गरज राहत नाही आणि नवी आवृत्ती बसवताना आपले बदल हरवत नाहीत. त्या फाइलमध्ये मात्र जावा_ऑप्ट्स आणि कॅटालिना_ऑप्ट्स यांतला फरक पाळला पाहिजे. कॅटालिना_ऑप्ट्स सर्व्हर सुरू करतानाच वापरले जाते, तर जावा_ऑप्ट्स बंद करण्याच्या आज्ञेलाही लागू होते, आणि टॉमकॅट बंद करणे म्हणजे एक वेगळी छोटी जावा-प्रक्रिया सुरू करून तिच्यामार्फत निरोप पाठवणे होय. देखरेखीचा ठरावीक पोर्ट जावा_ऑप्ट्समध्ये लिहिला, तर ती छोटी प्रक्रिया तोच पोर्ट मागते, तो चालत्या सर्व्हरने आधीच घेतलेला असतो, आणि सर्व्हर बंदच होत नाही. मोठी मेमरी तिथे लिहिली, तर नुसता निरोप देण्यासाठीही तेवढी मेमरी मागितली जाते. मेमरी, देखरेख, कचरा-संकलन (न लागणारी मेमरी मोकळी करणे) यांचे सगळे ऑप्शन म्हणून कॅटालिना_ऑप्ट्समध्येच असावेत. वाइल्डफ्लाय या दुसऱ्या जावा सर्व्हरमध्ये याच कामासाठी स्टँडअलोन डॉट कॉन्फ या नावाची बॅच फाइल दिलेली असते.

ऑप्शन खूप वाढले, विशेषतः क्लासपाथ (जावाने क्लास कुठे शोधायचे त्या पत्त्यांची यादी) लांबला, की आणखी एक मर्यादा आड येते: कमांड प्रॉम्प्टची एक ओळ ८१९१ अक्षरांपेक्षा लांब असू शकत नाही. जावा ९ पासून लाँचरला @ चिन्ह आणि त्यापुढे फाइलचे नाव देता येते, आणि ऑप्शन त्या फाइलमध्ये ओळीओळीने लिहिता येतात. बॅचचे कोणतेही नियम त्या फाइलला लागू होत नाहीत, ही तिची खरी मोलाची बाजू आहे. एवढे मात्र लक्षात ठेवावे की त्या फाइलमध्ये अवतरणातला बॅकस्लॅश दोनदा लिहावा लागतो. जावा ९ पासूनच जेडीके_जावा_ऑप्शन्स हे व्हेरिएबलही लाँचर वाचतो आणि त्यातला मजकूर कमांड लाइनच्या आधी जोडतो. ज्या बॅच फाइलीत बदल करायची परवानगी नाही, तिच्यासाठी हा चांगला मार्ग आहे.

पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या आज्ञा-शेलमधून बॅच फाइल चालवत असाल तर वरच्या तीन वाचनांच्या आधी चौथे वाचन येते. अवतरणाविना लिहिलेल्या -डीसर्व्हर.पोर्ट=९०९० या ऑप्शनचे पॉवरशेल टिंबापाशी दोन तुकडे करते. तो दुहेरी अवतरणात लिहिला, तर आत स्पेस नसल्यामुळे पॉवरशेल ती अवतरणे काढून ऑप्शन पुढे पाठवते, आणि मग बॅच फाइलमध्ये बरोबरच्या चिन्हाची जुनी अडचण उभी राहते. बाहेर एकेरी आणि आत दुहेरी अशी दोन्ही अवतरणे लिहिली की आतली अवतरणे टिकतात. फाइल %* वापरत असेल तर इतकी धडपड लागत नाही.

एका बॅच फाइलमधून दुसरी चालवताना कॉल लिहिणे आवश्यक आहे, अन्यथा दुसरी फाइल संपल्यावर नियंत्रण पहिलीकडे परत येत नाही. कॉलमुळे टक्क्याची चिन्हे आणखी एकदा उलगडली जातात आणि अवतरणातले ^ दुप्पट होतात, म्हणून अशा थरांची संख्या कमीत कमी ठेवावी. स्टार्ट आज्ञा अवतरणातला पहिला मजकूर खिडकीचे शीर्षक समजते. तेव्हा प्रोग्रामच्या पत्त्याआधी एक रिकामे अवतरण द्यावे. सर्व्हरचा निर्गमन-संकेत बाहेर पोहोचावा यासाठी फाइलच्या शेवटी एक्झिट /बी आणि एररलेव्हलची किंमत लिहावी. नियोजित कामे आणि देखरेखीची साधने त्यावरच अवलंबून असतात.

सुरक्षेच्या दोन गोष्टी मी आग्रहाने सांगेन. कमांड लाइनवर दिलेला पासवर्ड टास्क मॅनेजरच्या कमांड लाइन स्तंभात उघडा दिसतो, म्हणून पासवर्ड मर्यादित परवानगी असलेल्या मांडणी-फाइलमध्ये ठेवावा. दुसरे असे की बाहेरून आलेला मजकूर, उदाहरणार्थ एखाद्या वेब-अर्जातले नाव, कोणत्याही प्रोग्राममधून बॅच फाइलला आर्ग्युमेंट म्हणून देऊ नये. एप्रिल २०२४ मध्ये रस्ट भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत नेमका हाच दोष जाहीर झाला आणि १.७७.२ या आवृत्तीत तो दुरुस्त करण्यात आला: बॅच फाइलला दिलेल्या आर्ग्युमेंटमधून हल्लेखोराला स्वतःच्या आज्ञा चालवता येत होत्या. अशा ठिकाणी मधली बॅच फाइल काढून प्रोग्राम थेट सुरू करावा.

सर्व्हर विंडोज सर्व्हिस म्हणून (विंडोजने स्वतः पडद्यामागे चालवलेला प्रोग्राम म्हणून) चालवायचा असेल तर बॅच फाइल त्या कामाची नाही. सर्व्हिस-नियंत्रकाला जे उत्तर अपेक्षित असते ते बॅच फाइल देऊ शकत नाही, आणि साधारण ३० सेकंद वाट पाहून १०५३ क्रमांकाची चूक येते. टॉमकॅटची सर्व्हिस यासाठी वेगळा प्रोग्राम वापरते, कॅटालिना किंवा सेटएन्व्ह या फाइली ती सुरू होताना वाचतच नाही आणि तिचे ऑप्शन रजिस्ट्रीत साठवलेले असतात. खिडकीतून सुरू केलेल्या सर्व्हरला ऑप्शन मिळतात आणि सर्व्हिसला मिळत नाहीत, या तक्रारीचे कारण जवळजवळ नेहमी हेच असते. तिथे ऑप्शन सर्व्हिसच्या मांडणीच्या खिडकीत जावाच्या पानावर, एका ओळीवर एक, असे लिहावेत. आज्ञेने देणार असाल तर ते अर्धविराम किंवा # ने वेगळे केले जातात, आणि किमतीतच अर्धविराम असेल तर तो एकेरी अवतरणात ठेवावा लागतो.

शेवटी तपासणीची पद्धत, कारण अंदाजाने अवतरणे घालत-काढत बसण्यात काही हशील नाही. फाइलच्या पहिल्या ओळीतले एको ऑफ तात्पुरते काढले की प्रत्येक ओळ उलगडल्यानंतर कशी दिसते ते पडद्यावर येते, आणि ऑप्शन कोणत्या ओळीत मोडला ते तिथेच सापडते. ओळ ठीक दिसूनही सर्व्हर ऐकत नसेल, तर चालत्या प्रक्रियेलाच विचारावे. जेडीकेसोबत (जावाच्या विकसन-संचासोबत) येणाऱ्या जेसीएमडी या साधनाला प्रक्रियेचा क्रमांक आणि व्हीएम डॉट कमांड_लाइन ही आज्ञा दिली की आभासी यंत्राला आणि प्रोग्रामला काय काय मिळाले ते वेगवेगळे छापून येते. व्हीएम डॉट सिस्टिम_प्रॉपर्टीज या आज्ञेने प्रत्येक प्रॉपर्टीची सध्याची किंमत कळते. तिथे -डीपोर्टची किंमत रिकामी दिसली तर बॅच फाइल दुरुस्त करावी, आणि ती बरोबर दिसूनही सर्व्हर दुसऱ्याच पोर्टवर बसला असेल तर सर्व्हरची स्वतःची मांडणी-फाइल उघडावी.